ठरलेला दर की बाजारभाव?

मोठ्या संस्थेची वीजखरेदी बघणाऱ्या एका मित्राचा प्रश्न: तीन वर्षांचा दर आत्ताच बांधून घ्यावा, की बाजारभावानं वीज घ्यावी?

खर्च पाहिला तर बांधलेला दर सहसा थोडा महागच पडतो, कारण चढउताराची जोखीम पुरवठादार घेतो आणि तिची किंमत दरात घालतो. बाजारभाव बऱ्याचदा स्वस्त असतो. उन्हाच्या दुपारी सौरवीज उतू गेली की युरोपात तो शून्याखालीही जातो. पण फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली आणि घाऊक भाव मेगावॉट-तासाला 9,000 डॉलरवर, म्हणजे युनिटला 9 डॉलरवर, काही दिवस अडकून राहिला. वर्षभराची बचत तेवढ्यात धुऊन जाते.

मेहनतीत फरक मोठा. बांधलेल्या दरात सही केली की सुटलात. फक्त किमान वापराची अट नीट वाचा, कारण एखादा विभाग बंद पडला तरी न वापरलेल्या विजेचे पैसे द्यावे लागू शकतात. बाजारभावात रोज कुणीतरी भाव बघत बसायला हवं. शीतगृहाला ते जमतं: स्वस्त तासांत माल जास्त थंड करायचा, महागात कॉम्प्रेसर थांबवायचे. रुग्णालयाला कसं जमणार?

आणि लाइन गेली तर दोन्ही करार सारखेच निरुपयोगी. बॅटरी, जनरेटर वेगळे लागतातच.

बजेट ताणता येत नसेल तर दर बांधा. वापर पुढेमागे सरकवता येत असेल आणि गाठीशी पैसा असेल तर बाजारभाव. मित्राला मी पायाभूत, म्हणजे कायम लागणाऱ्या, वापराचा दर बांधून वरची वीज बाजारातून घ्यायला सांगितलं.