क्रेनने झाड काढलं त्याला आठ महिने झाले, खड्डा अजून तिथंच

गेल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला आणि फाटकाजवळ पुन्हा परातीएवढं डबकं साचलं. क्रेनचा जॅक, म्हणजे तिचा आधाराचा पाय, टेकला होता तीच जागा. झाड गेलं, बिल भागलं, पण हा खड्डा काही विसरू देत नाही, म्हणून लिहायला बसलो.

झाड घरामागे, छपरावर झुकलेलं. माझं मत साधं होतं: दोन माणसं दोर घेऊन चढतील, फांदी फांदी खाली सोडतील, क्रेनचं खूळ कशाला? कंत्राटदाराने बुंध्यावर हातोडी मारून ऐकवलं. एका बाजूला ठक्क, दुसऱ्या बाजूला ढब्ब. म्हणाला, "साहेब, दोर बांधायचा तो याच झाडाला. ओंडक्याचा हिसका बसणार तो याच पोकळ खोडाला. मी माणूस चढवत नाही." तेव्हा वाटलं, गिऱ्हाईक कापायची तऱ्हा आहे.

मग 25 टनी क्रेनचा दर आला आणि मी उखडलोच. मीटरभर जाडीचा, दोन मीटर लांबीचा ओला ओंडका दीड टनाच्या आसपास भरतो. त्याला 25 टन कशाला? इथेच माझ्यासारखे शहाणे फसतात. ते 25 टन क्रेनच्या अगदी पायाशी, तीनेक मीटरवर उचलायचे. बूम, म्हणजे क्रेनचा हात, जसजसा लांब जातो तशी ताकद झपाट्याने उतरते. ऑपरेटरने केबिनमधला तक्ता दाखवला: 18 मीटरसमोर जेमतेम दोन टन, आणि त्यातही हुक नि बेल्टचं वजन धरलेलं. म्हणजे भाडं झाडाच्या वजनावर कमी आणि क्रेन कुठे उभी राहते यावर जास्त ठरतं.

आता माझा पराक्रम ऐका. फाटकाचा एक खांब काढला असता तर क्रेन अंगणात, झाडापासून आठ मीटरवर आली असती आणि लहान क्रेनमध्ये भागलं असतं. खांब पुन्हा बांधायचा खर्च नको म्हणून मी अडून बसलो. खांब वाचला. त्यापायी मोठी क्रेन घ्यावी लागली, तीही फाटकाबाहेरून, एक जॅक आतल्या फरशीवर टेकून. फरकाच्या पैशांत तसे तीन खांब झाले असते.

भाडं किमान चार तासांचं, आणि घड्याळ त्यांच्या यार्डातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत चालू. त्यात चेनसॉ खोडातल्या खिळ्यावर आदळला. खिळा माझाच, कपड्यांच्या दोरीसाठी कधीतरी ठोकलेला, सालीने गिळून टाकलेला. साखळीचे दात गेले, नवी साखळी चढवेपर्यंत अर्धा तास क्रेन नुसती उभी. झाडात खिळे, तारा असतील तर आधीच सांगा, हे फुकटचं सांगतोय.

पण काम पाहिलं आणि माझी भाषा बदलली. कापणाऱ्यालाही क्रेननेच वर नेलं. तो बेल्ट आवळायचा, बाजूला सरकायचा, ऑपरेटर ताण घ्यायचा, मग करवत. शेवटचा धागा सुटला की ओंडका हातभर वर उचलला जायचा, भुसा भुरभुरायचा, आणि ते धूड छपरावरून सावकाश फिरत रस्त्याकडे जायचं. धप्प असा आवाज एकदाही नाही. एक कौल हललं नाही. चढून तोडलं असतं तर स्वस्त पडलं असतं, हे माझं वाक्य मी परत घेतो.

बुंधा मात्र हिशेबात नव्हता. तो दळायचं मशीन वेगळं, त्याचा खर्च वेगळा. मी राहू दे म्हटलं. आता त्याला चहूबाजूंनी फुटवे आलेत, महिन्यातून एकदा कोयता घेऊन बसतो.

आणि खड्डा. जॅकखाली दोन लहान फळ्या घातल्या होत्या. रुंद लोखंडी पत्रे मिळत होते, त्यांचं भाडं वेगळं, तेही मीच नाकारलं. तरी फोन करून भांडलो. क्रेनवाल्याने शांतपणे विचारलं, "काम सुरू व्हायच्या आधीचे फरशीचे फोटो आहेत का?" नव्हते. झाडाचे मात्र चाळीस आहेत.

गवंडी बघून गेला. फरशा उचलायच्या, खडी ठोकायची, परत बसवायच्या, अर्ध्या दिवसाचं काम. मजुरी पूर्ण दिवसाची मागतोय, येण्याजाण्याचे वेगळे.