फ्रिजमधला थर्मामीटर : आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये एका संध्याकाळी सासऱ्यांनी फोडणीचा भात खाल्ला आणि तीन तासांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. वय 74, त्यात मधुमेह. ती रात्र आम्ही कशी काढली ते आम्हालाच माहीत. सकाळी डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. भात शिजल्यावर बाहेर किती वेळ होता? आणि फ्रिजमध्ये तापमान किती असतं? पहिल्याचं उत्तर होतं, चारेक तास, रात्री झोपताना आत ठेवला. दुसऱ्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. "नॉब तीनवर आहे," एवढंच मी सांगू शकले.

नॉबवरचा तीन म्हणजे तीन अंश नव्हेत, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. त्याच आठवड्यात ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून 350 रुपयांचा छोटा डिजिटल थर्मामीटर आणला.

आधी तो खरं बोलतो का ते पाहिलं. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरला, वर थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि टोक त्यात बुडवून ठेवलं. शून्य यायला हवं होतं, 0.6 आलं. एवढा फरक चालतो. मग पाण्याचा पेला फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवून टोक रात्रभर त्यात राहू दिलं. नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की लगेच बदलतं, पाण्याचं इतक्या पटकन बदलत नाही. सकाळी आकडा होता 9.

असायला हवं 5 किंवा त्याखाली. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू वाढत राहतात, आणि आम्ही कित्येक महिने तिथेच ओलं खोबरं, मोड आलेली मटकी, वाटण ठेवत होतो. दाराच्या कप्प्यात, जिथे दुधाच्या पिशव्या असतात, तिथे तर 11 होतं. दारात दहाची नोट धरून दार लावलं, तर नोट अलगद ओढून निघाली. रबर सैल झालं होतं. मेकॅनिकनं रबर बदललं आणि मागची जाळी साफ केली. दुसऱ्या दिवशी 4. दूध तेव्हापासून आतल्या कप्प्यात गेलं.

थर्मामीटरबद्दल सांगायचं तर आकडा मोठा आहे, आईंना, म्हणजे सासूबाईंना, चष्म्याशिवाय वाचता येतो. सर्वात उपयोगी म्हणजे जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान लक्षात ठेवण्याची सोय. मागचं चुंबक मात्र अगदीच कमजोर, दोनदा खाली पडला. सेल वर्षभर चालेल असं दुकानदार म्हणाला होता, पाच महिन्यांत संपला. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, पुसावी लागते.

जुलैत रात्री दोनला लाईट गेली ती साडेसातला आली. आम्ही झोपेत. सकाळी पाहिलं तर कमाल आकडा 12. दार बंद असेल तर फ्रिज साधारण चार तास तग धरतो, हे तर साडेपाच झाले होते. पनीर, शिजवलेलं चिकन, मोड आलेले मूग टाकायला काढले. लोणचं, तूप, कच्च्या भाज्या ठेवल्या. आई डब्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, वास तर येत नाहीये. अन्न टाकवत नाही गं मला." मलाही टाकवत नव्हतं. पण पोटाला बाधणाऱ्या कित्येक जंतूंना वास नसतो, चव नसते. मी त्यांना मार्चमधली रात्र आठवून दिली. त्यांनी स्वतः उठून डबा रिकामा केला.

भाताचं मात्र थर्मामीटरवर सोपवून चालत नाही. तांदळातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात गरम हवेत पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष फोडणीच्या आचेनंही जात नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी कितीही खरपूस परतला तरी उशीर झालेला असतो. मे महिन्यात हाच थर्मामीटर ओट्यावर ठेवला तेव्हा दुपारी 35 होतं. 32 च्या वर असेल तर अन्न तासाभरात आत जायला हवं, एरवी दोन तासांत. आता उरलेला भात परातीत पसरते, पंख्याखाली वाफ गेली की उथळ डब्यात भरून सरळ फ्रिजमध्ये. पूर्ण गार व्हायची वाट बघत नाही. दुसऱ्या दिवशी संपवायचा. फोडणीचा भात आमच्याकडे बंद झालेला नाही, सासऱ्यांना तो फार आवडतो.

बाकीच्या सवयी हळूहळू बदलल्या. खोबऱ्याचं वाटण एकदम न ठेवता बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरमध्ये, लागतील तेवढ्या वड्या काढायच्या. तेलात बुडवलेला लसूण बाहेर बरणीत ठेवायचे, ते बंद. कच्चे मासे-चिकन सर्वात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे पाणी कशावर गळत नाही. डब्यावर कागदी चिकटपट्टी आणि तारीख. हे काम सासरे करतात, सुवाच्य अक्षरात.

गेल्या महिन्यात असाच एक थर्मामीटर माहेरी, नेरुळला नेला. आईच्या फ्रिजमध्ये 8 निघाले. शनिवारी मेकॅनिक यायचा आहे.