कॉमिक्सची वर्गणी, दहा महिने झाले: सगळं अडलंय ते एका पुठ्ठ्यावर

काल दहावा अंक आला आणि कव्हरवर मधोमध वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ, म्हणून आज लिहायला बसले. प्रकाशनाचं नाव घेत नाही. हिंदी कॉमिक्स वाचणाऱ्यांना या वर्गणीच्या योजना माहितीच आहेत, वर्षाला 12 अंक, 960 रुपये, सुटा घेतला तर 100 ला एक. 240 रुपये वाचतात म्हणूनच मी भरली, पोराच्या वाचनाचं वगैरे नंतर. ऑगस्टपासून सुरू झाली.

आधी अंकांबद्दल दोन शब्द, मग तक्रार. चित्रं चांगली, रंग भडक पण नेटके, अक्षरं वाचता येतील एवढी मोठी, कागद गुळगुळीत आर्ट पेपर. गोष्टी कधी जमतात कधी नाही. माझा पोरगा दहा वर्षांचा, त्याला सगळ्याच आवडतात. अंकाच्या आतल्या मालाबद्दल माझी काही तक्रार नाही, जे काय आहे ते अंक घरी पोचेपर्यंतचं आहे.

आणि मला हे एवढं का लागतं तेही सांगते. मी भुसावळची, वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. ड्युटीवरून येताना पप्पा स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, ते 1990 ला बंदच पडलं, तोपर्यंतचे आमच्याकडे बरेच जमले होते. बाकी हिंदी कॉमिक्स गल्लीतल्या दुकानातून पन्नास पैसे रोज भाड्याने. घरात एकच नियम होता, कॉमिक्सची सुरळी करायची नाही आणि उलटं घडी घालून वाचायचं नाही. भावाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ते अंक आजही सपाट आहेत, पानं पिवळी झाली पण एकाला मधून घडी नाही. पस्तीस वर्षं जुनं कॉमिक्स सरळ आणि या महिन्याचं नवं कोरं मोडलेलं, हे बघून जीव जळतो.

पहिला अंक ऑगस्टात आला तो ओला. पातळ प्लास्टिकची पिशवी, एका बाजूला चिकटपट्टी सुटलेली, त्यातून पाणी आत. मी घाईघाईने पंख्याखाली ठेवला आणि तीच चूक झाली. आर्ट पेपरवर जो चकचकीत थर असतो तो ओला झाला की चिकट होतो आणि तसाच वाळला की दोन पानं एकमेकांना कायमची चिकटतात, मग सोडवायला गेलं की चित्र निघून येतं. पुढच्यांनी लक्षात ठेवा, ओला अंक वाळू द्यायच्या आधीच पानं हळूच सुटी करायची, दर दोन पानांत साधा कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि अर्धवट सुकल्यावर वजनाखाली ठेवायचा. उन्हात तर अजिबात नको, पानं पापडासारखी वेडीवाकडी होतात. माझी मधली सहा पानं गेली, गोष्टीचा शेवट त्यातच होता.

दुसऱ्या अंकाला उभी घडी. तिसरा एकदम व्यवस्थित आला, तेव्हा म्हटलं चला, पावसाळ्यापुरतं होतं. चौथा दिवाळीचा जाडा अंक, त्याचा खालचा कोपरा असा चेचला की जणू कोणी हातोडी मारली. पाचवा आलाच नाही. सहाव्याला परत घडी आणि घडीवर पिनेजवळ कव्हर फाटलेलं.

घडी पडली तर काय एवढं, वाचता तर येतं, असं आमच्या घरीही म्हणतात. सासूबाई म्हणाल्या पाट्याखाली ठेव, सरळ होईल. होतं सरळ, पण रेघ जात नाही. कव्हरला शाई आणि वरून लॅमिनेशन असतं, घडी पडली की तो थर तडकतो आणि खालचा पांढरा कागद दिसतो, त्याला काही इलाज नाही. मी सुती कापड टाकून कोमट इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली, घडी बसली पण रेघ तशीच, उलट एका ठिकाणी लॅमिनेशनला फुगा आला. तेव्हा इस्त्रीच्या नादी लागू नका.

आता माझी चूक सांगते. सहाव्या अंकापर्यंत मी सगळा दोष टपालाला देत होते. पोस्टमनभाऊंना दारात उभं करून बोलले, बऱ्यापैकी बोलले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी कशाला घडी घालू? आलं तसं देऊन राहिलो." मग त्यांनी थैली उघडून दाखवली. पत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले, कॉमिक्स पत्रापेक्षा मोठं आणि लुळं, गठ्ठ्यात घातलं की आपोआप दुमडतं, वरून दुसऱ्या गठ्ठ्याचं वजन. त्याच थैलीत एक बँकेचं जाड पाकीट होतं, ते सरळच्या सरळ. "ज्याच्यात पुठ्ठा असतो ते वाकतच नाही," ते म्हणाले. मी त्यांची माफी मागितली, चहा पाजला, आणि आधी घरच्या लोकांना जे जे सांगितलं होतं ते मागे घेतलं.

आणि पुठ्ठ्याचं मला कोणी सांगायची गरज नव्हती खरं तर, कारण तेच माझं काम आहे. सावद्याच्या बाजूला एका केळीच्या पॅकहाऊसला मी पॅकिंग बघते. आमच्याकडे घडाच्या फण्या काढून तुरटीच्या पाण्यात धुतात, चीक काढतात, वजन करून फोम लावून 13 किलोचा बॉक्स भरतात, मग तो थंड कंटेनरमध्ये 13-14 डिग्रीला मुंबईच्या बंदरातून आखातात जातो. केळीच्या सालीला बोट जोरात लागलं तरी दुसऱ्या दिवशी काळा डाग दिसतो, इतका नाजूक माल. तो समुद्र ओलांडून डाग न पडता पोचतो, का, तर पॅकिंग. आणि कागदाचं पुस्तक, जे ना पिकतं ना सडतं, ते आपल्याच देशात चार दिवसांत मोडून येतं. हे मला पटत नाही आणि पटणार पण नाही.

म्हणून जानेवारीत मी एक प्रयोग केला. भावाला ट्रंकेतले नाही, रद्दीत निघालेले सारख्या मापाचे तीन जुने अंक दिले आणि त्याने भुसावळहून ते साध्या टपालाने मला पाठवले. एक नुसता प्लास्टिकमध्ये. दुसऱ्यात फाटक्या बॉक्सचा तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांचा, एक पुठ्ठा. तिसऱ्यात तेच दोन पुठ्ठे, मागून एक पुढून एक, पण एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. नळ्या म्हणजे पुठ्ठ्याच्या आत जो नागमोडी कागद असतो त्याच्या रेषा. पुठ्ठा नळीच्या दिशेने पटकन दुमडतो, नळीला आडवा दुमडायला जा, जोर लागतो. बॉक्सच्या भिंतीत नळ्या उभ्या ठेवतात ते याचसाठी, वरच्या थप्पीचं वजन त्या पेलतात. तर निकाल असा आला. पहिला दुमडलेला, अपेक्षेप्रमाणे. दुसरा पुठ्ठ्यासकट नळीच्या रेषेत हलकासा वाकलेला. तिसरा सरळ, कोपरे चारही शाबूत. पुठ्ठा फुकटचा, चिकटपट्टी धरून खर्च एक-दोन रुपये.

हे तिन्ही पाकिटांचे फोटो मी प्रकाशनाला पाठवले. त्याआधी त्यांच्याशी माझं जे भांडण चाललं होतं ते थोडक्यात सांगते. पाचवा अंक हरवला आणि सहावा फाटला यावर त्यांचं उत्तर, पाकीट फोडायच्या आधीपासूनचा सलग व्हिडिओ पाठवा, नाहीतर तक्रार धरत नाही. आता जो अंक आलाच नाही त्याचा व्हिडिओ मी कुठून काढू, हे तीन वेळा विचारलं, तीन वेळा तोच छापील मजकूर परत आला. मग 50 रुपयांचं कूपन देऊ केलं, ते पण पुढच्या वर्षीच्या वर्गणीवर. तेव्हा मी ग्राहक हेल्पलाईनला 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली. ऑनलाईन विक्रीचे 2020 चे नियम आहेत, माल खराब आला तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हे मी मेलमध्ये लिहून दिलं. ज्यांना वाटतं शंभर रुपयांसाठी कोण एवढं करतं, त्यांनी करून बघा, फोन लावायला पैसे लागत नाहीत. तक्रारीनंतर आठ दिवसांत प्रकाशनाकडून एका बाईंचा फोन आला, बोलायला चांगल्या होत्या. पाचवा आणि सहावा परत पाठवतो म्हणाल्या. मी म्हटलं ते पाठवाच, पण मला त्यापेक्षा पुढच्या प्रत्येक अंकात पुठ्ठा पाहिजे, तुमच्या सगळ्याच वर्गणीदारांना पाहिजे.

आणि सातवा अंक आला तो पुठ्ठा घालून! पाचवा-सहावा पण त्याच पाकिटात. मी खरंच खूश झाले, पोराला म्हटलं हात धुऊन ये आणि मग उघड. त्या दिवशी मी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. आठवा पण तसाच, सरळ.

नवव्यात पुठ्ठा होता पण अंकापेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच छोटा. म्हणजे मधली घडी वाचली आणि कोपरे गेले, कारण मार कोपऱ्यावरच बसतो, पुठ्ठा नेहमी अंकाच्या थोडा बाहेर पाहिजे. आमच्याकडे नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, मालाने खोक्याच्या कडेला टेकायचं नाही.

आणि काल दहावा. पुठ्ठाच नाही. फोन केला तर या वेळी दुसरं कोणीतरी, म्हणे पुठ्ठ्याचा स्टॉक संपला, मॅडम तुम्ही स्पीड पोस्टचा पर्याय घ्या, अंकामागे 45 रुपये जास्त. मी विचारलं रजिस्टरने पाठवाल का, तर ते आता वेगळं राहिलंच नाही, 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर स्पीड पोस्टातच मिसळलं. बरं, स्पीड पोस्टने काय होईल, 13 आकडी-अक्षरी नंबर मिळेल, अंक कुठे पोचला ते मोबाईलवर दिसेल, हरवला तर विचारता येईल. ते ठीक आहे, पाचव्याच्या वेळी तो नंबर असता तर बरं झालं असतं. पण नंबराने अंक कडक होत नाही, दुमडायचा तो दुमडणारच. आणि हिशोब करा, 45 गुणिले 12 म्हणजे 540, त्यात 960, झाले 1500. तेच भुसावळ स्टेशनवर सुटे घेतले तर 1200, आणि हातात घेऊन कोपरे बघून घेता येतात. माहेरी महिन्यातून एक चक्कर असतेच, त्यामुळे बसचं भाडं यात धरत नाही.

पोराला मी विचारलं, पुढच्या वर्षी वर्गणी भरायची का स्टेशनवरून आणायचं. तो म्हणाला, टपालाने आलेलं जास्त आवडतं, पाकिटावर माझं नाव असतं. त्याचं नाव मीच घातलं होतं वर्गणीच्या फॉर्मवर. दुपारी शाळेतून आला की आधी दाराच्या जाळीत हात घालून बघतो, आलं का म्हणून. हे कारण माझ्या 1500 आणि 1200 च्या हिशोबात कुठे बसवायचं ते मला काल रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

तर सध्याचं माझं मत असं. अंक चांगले, तक्रारीनंतरची वागणूक बरी, पॅकिंग भरवशाचं नाही. पावसाळ्यात तरी खानदेशात साध्या टपालाने मागवू नका, दुकान जवळ असेल तर सुटे घ्या. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांनी पुठ्ठ्यासाठी लेखी मागणी करा, एकट्या माझ्या मागणीवर दोन महिने नीट आला, दहा जणांनी केली तर कदाचित टिकेल.

दोन अंक अजून यायचे आहेत. मी आज पॅकहाऊसला सुट्टीच्या वेळी फाटक्या बॉक्सचे चार पुठ्ठे अंकापेक्षा पाऊण इंच मोठे कापले, दोन उभ्या नळीचे दोन आडव्या, प्रत्येकावर पेनाने बाण काढून लिहिलं की हा मागे, हा पुढे, अकरावा आणि बारावा अंक यातच घालून पाठवावा. सोबत वर्गणी क्रमांक आणि पोराचं नाव. मालकांना विचारूनच घेतले, ते म्हणाले पाहिजे तेवढे न्या. सोमवारी पोस्टात टाकणार, पोस्टमनभाऊंनी स्वतःच्या हाताने शिक्का मारतो सांगितलंय. अकरावा अंक आला की तो कसा आला ते इथेच खाली लिहीन, फोटोसकट.