नौपाड्यातला एक्सएमएल स्किमाचा शनिवारचा क्लास: चार स्टार

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सएसडी फाइली, म्हणजे एक्सएमएल डेटाची रचना ठरवणारे स्किमा, निस्तरायचं माझं काम. त्यामुळे सिंटॅक्स शिकायला मी गेलेच नव्हते. टाइपला, म्हणजे एलिमेंटमध्ये काय असावं याच्या व्याख्येला, नाव कधी द्यायचं आणि कधी तो एलिमेंटच्या पोटातच निनावी ठेवायचा, एवढंच हवं होतं.

सरांनी थिअरी भराभर उरकली, ते बरंच केलं. मग ऑर्डरचा एक स्किमा घेतला. बिलिंग आणि डिलिव्हरी असे दोन पत्ते, दोन्हींचा कॉम्प्लेक्सटाइप (आत आणखी एलिमेंट असलेला टाइप) जागच्या जागी, निनावी. एक्सजेसी (स्किमावरून जावाचे क्लास बनवणारं टूल) चालवलं तर जावात ऑर्डरच्या आत दोन वेगळे क्लास, फील्ड मात्र तंतोतंत तीच. पत्ता छापणारी एक मेथड दोघांना चालेना. पिनकोडचा पॅटर्न एकीकडे सुधारला, दुसरीकडे मुद्दाम जुनाच ठेवला. शून्याने सुरू होणारा पिनकोड डिलिव्हरीतून बिनबोभाट पास! मग टाइप बाहेर काढून 'पत्ताटाइप' केला. एकच क्लास, एकच पॅटर्न. परदेशी पत्त्यासाठी त्याचंच एक्स्टेंशनही केलं, म्हणजे त्याला बेस धरून वाढवलेला टाइप. निनावी टाइपवरून ते जमतच नाही, बेसमध्ये लिहिणार काय? एनमचं तर मला नवीनच होतं: स्टेटसचा ठरावीक किमतींचा सिंपलटाइप (नुसत्या मजकुराचा टाइप) निनावी ठेवला की एक्सजेसी साधी स्ट्रिंग देतं, नाव दिलं की एनम, म्हणजे ठरावीक किमतींचाच जावा टाइप.

सर मात्र 'दिसेल त्याला नाव द्या' पंथाचे. मला नाही पटत. असा बाहेर काढलेला, नाव असलेला ग्लोबल टाइप स्किमा इम्पोर्ट करणाऱ्या कुणालाही वापरता येतो, आणि एकदा कुणी वापरला की त्यात बदल करताना आपले हात बांधलेले. एकाच एलिमेंटपुरती, अजून रोज बदलणारी रचना आतच बरी. शिवाय मुळाच्या एलिमेंटला नाव असलेला टाइप दिला की त्या क्लासवर एक्सजेसी सहसा एक्सएमएलरूटएलिमेंट (हा मुळाचा एलिमेंट आहे अशी खूण) लावत नाही. मार्शल करताना, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल बनवताना, एरर येते, आणि एक्सजेसीनेच बनवलेल्या ऑब्जेक्टफॅक्टरी क्लासकडून ऑब्जेक्ट जॅक्सबीएलिमेंट या वेष्टनात गुंडाळून घ्यावं लागतं. मागच्या बाकावरच्या मुलाने नेमकं हेच विचारलं. 'नंतर बघू' म्हणाले, ते राहिलंच. एक स्टार तिथे कापला.

स्टेशनवरून चालत जाता येतं. खोली लहान आहे, पंख्याखालची खुर्ची हवी तर लवकर पोचा. जावा 11 पासून जॅक्सबी (एक्सजेसी ज्याचा भाग आहे ती एक्सएमएलची लायब्ररी) जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ किटमध्ये, येत नाही, तेव्हा डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) घरूनच डाउनलोड करून न्या. तिथलं वायफाय ऐन वेळी दगा देतं.