डॉलर स्ट्रीट: उत्पन्नाच्या क्रमाने लावलेली जगातली घरे

श्रीमंत देश आणि विकसनशील देश यांतल्या रोजच्या जगण्याची तुलना बहुधा सरासरी आकड्यांवर आटोपली जाते. दरडोई उत्पन्न, सरासरी आयुर्मान, साक्षरतेचे प्रमाण हे सगळे आकडे आवश्यकच आहेत; पण तेवढ्या उत्पन्नात घरातली चूल कशी असते, पाणी कुठून येते, अंथरायला काय असते आणि दाराला कडी असते की नाही, हे त्यांतून समजत नाही. स्टॉकहोमच्या गॅपमाइंडर या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेले ‘डॉलर स्ट्रीट’ हे संकेतस्थळ नेमकी हीच उणीव भरून काढते. ॲना रोसलिंग रोनलुंड, ओला रोसलिंग आणि हान्स रोसलिंग यांनी २००५ मध्ये ही संस्था स्थापन केली; डॉलर स्ट्रीटची कल्पना ॲना यांची. संकेतस्थळ विनामूल्य आहे, आणि या विषयावर सर्वसामान्य वाचकाला सहज वापरता येईल असे याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. त्याच्या मर्यादाही मोठ्या आहेत; त्यांबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

मांडणी अतिशय सोपी आहे. सगळे जग एकाच रस्त्यावर राहते अशी कल्पना करायची. सर्वांत गरीब घर डाव्या टोकाला, सर्वांत श्रीमंत घर उजव्या टोकाला आणि बाकी सगळी मधे, आपापल्या उत्पन्नाच्या क्रमाने. छायाचित्रकार प्रत्येक घरी जाऊन ठरलेल्या यादीतल्या शंभराहून अधिक गोष्टींची छायाचित्रे घेतात: पलंग, छप्पर, जमीन, शौचालय, साबण, ताट, मुलांची खेळणी, घरासमोरचा रस्ता. वाचकाने विषय निवडायचा, हवा तर देश किंवा खंड निवडायचा, वरच्या पट्टीवर उत्पन्नाची मर्यादा सरकवायची. तेवढ्यात त्या एका वस्तूची जगभरातली रूपे ओळीने समोर येतात. एखाद्या छायाचित्रावर टिचकी मारली की ते कुटुंब कोणते, घरातली माणसे काय काम करतात, हे कळते आणि तिथून त्यांच्या घरातली इतर छायाचित्रेही पाहता येतात. डाव्या टोकाला बुरुंडीतले एक कुटुंब आहे, ज्याचे मासिक उत्पन्न माणशी ३० डॉलरपर्यंतही पोहोचत नाही. उजवीकडे चीनमधले एक कुटुंब १०,००० डॉलरच्या पुढे आहे.

या रचनेची खरी ताकद एखादी क्षुल्लक वस्तू निवडली की कळते. दात घासण्याची साधने पाहा. डावीकडे बोट किंवा झाडाची काडी, थोडे पुढे सरकले की संपूर्ण घरासाठी एकच प्लास्टिकचा ब्रश, त्यापुढे प्रत्येकाचा स्वतंत्र ब्रश आणि उजव्या टोकाला विजेवर चालणारा ब्रश. खंड बदलला तरी हा क्रम फारसा बदलत नाही. चुलीचेही तसेच आहे. तीन दगड आणि त्यांमधली लाकडे आफ्रिकेत दिसतात तशीच आशियातही दिसतात. उत्पन्न वाढत गेले की कोळशाची शेगडी, मग एका बर्नरची गॅस शेगडी, आणि शेवटी ओट्यात बसवलेली चार बर्नरची काच. दोन वेगळ्या खंडांतली, पण सारख्या उत्पन्नाची स्वयंपाकघरे शेजारी ठेवली तर ती एकमेकांच्या जितकी जवळची वाटतात, तितकी एकाच देशातली गरीब आणि श्रीमंत स्वयंपाकघरे वाटत नाहीत. फक्त चीन किंवा फक्त नायजेरिया निवडून पाहिले तर एकाच देशातली घरे या रस्त्यावर किती लांबवर पसरलेली आहेत हे समजते, आणि ‘तिकडचे लोक असे राहतात’ यासारखे वाक्य लिहिताना हात थबकतो. जागतिक बँकेनेही २०१६ मध्ये आपल्या ‘जागतिक विकास निर्देशकां’मधून विकसित आणि विकसनशील ही दुहेरी विभागणी काढून टाकली; त्यामागचे कारण या रस्त्यावर डोळ्यांनी पाहता येते.

छायाचित्रांचा हा साठा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला असल्यामुळे त्याचा उपयोग संकेतस्थळाबाहेरही झाला आहे. फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यातलीच छायाचित्रे वापरून, चित्रातली वस्तू ओळखणाऱ्या संगणक प्रणाली तपासल्या. महिना २८८ डॉलर उत्पन्नाच्या नेपाळमधल्या एका घरातली साबणाची वडी काही प्रणालींना खाद्यपदार्थ वाटली. ब्रिटनमधल्या अधिक श्रीमंत घरातला साबण पंपाच्या बाटलीत, बेसिनच्या कडेला ठेवलेला होता. त्या छायाचित्रात असली गफलत झाली नाही. महिना ५० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या वस्तू ओळखताना या प्रणालींच्या चुका ३,५०० डॉलरपेक्षा अधिक उत्पन्नाच्या घरांच्या तुलनेत सुमारे १० टक्क्यांनी जास्त होत्या. ज्या यंत्रांना ‘साबण’ म्हणजे काय हे श्रीमंतांच्या न्हाणीघरातून शिकवले गेले, त्यांची ही त्रुटी उघड करण्यासाठी गरीब घरांची नीट नोंदलेली छायाचित्रे हाताशी असावी लागतात. ती इथे होती. एका माहितीपर संकेतस्थळाच्या दृष्टीने ही कामगिरी मला फार मोलाची वाटते.

आता उत्पन्नाच्या आकड्याकडे वळू, कारण सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. कुटुंब काय विकत घेते, घरचे काय पिकवून खाते हे धरून महिन्याचा उपभोग काढला जातो, तो प्रौढ माणसांच्या हिशेबाने विभागला जातो आणि मग क्रयशक्तीच्या समानतेने, म्हणजे तेवढ्या पैशांत त्या देशात प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा मिळतात हे धरून, डॉलरमध्ये मांडला जातो. पद्धत योग्यच आहे, कारण गरीब देशांत श्रम स्वस्त असतात आणि घरभाडे, केस कापणे, शिवणकाम अशा सेवा कमी पैशांत मिळतात. बाजारातला विनिमय दर लावला असता तर ती कुटुंबे आहेत त्यापेक्षाही गरीब दिसली असती. मात्र या हिशेबाची दुसरी बाजू वाचकाने ध्यानात ठेवली पाहिजे. मोबाइल, आयात केलेले औषध, सौर दिव्याची बॅटरी या वस्तूंच्या किमती जगभर जवळपास सारख्या असतात, त्यामुळे रस्त्याच्या डाव्या भागातल्या घरात दिसणारा फोन त्या कुटुंबाला आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ महाग पडलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे हा आकडा महिन्याची सरासरी सांगतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात आज काम आणि उद्या नाही अशी स्थिती असते, शेतीवरच्या घरात सुगीचा महिना आणि त्याआधीचा महिना यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. गरिबीत उत्पन्न कमी असते तसेच ते बेभरवशाचेही असते, आणि हा बेभरवसा एका सरासरी आकड्यात पूर्णपणे झाकला जातो.

माझा मुख्य आक्षेप याच्याही पुढचा आहे. कॅमेरा घरात शिरतो आणि वस्तू टिपतो. वेळ त्याला टिपता येत नाही. पाण्याचे उदाहरण घ्या. डावीकडच्या छायाचित्रांत विहीर, झरा, डबके, प्लास्टिकचे कॅन दिसतात. तिथवर चालत जायला किती वेळ लागला, रांगेत किती वेळ गेला, भरलेला कॅन कोणी उचलला आणि त्या वेळात त्या व्यक्तीला दुसरे काय करता आले असते, यातले काहीच दिसत नाही. जगभरात स्त्रिया आणि मुली पाणी भरण्यात रोज २० कोटी तास घालवतात, असा अंदाज युनिसेफने २०१६ मध्ये दिला होता. श्रीमंत देशातली मुलगी आणि गरीब देशातली मुलगी यांच्या दिवसांत जो फरक पडतो, तो मोठ्या अंशी याच तासांत दडलेला आहे. तीन दगडांच्या चुलीबाबतही हेच म्हणता येईल. छायाचित्रात काळवंडलेली भिंत दिसते. फुफ्फुसात गेलेला धूर दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० मध्ये ३२ लाख माणसे अकाली दगावली. चुलीची शेकडो छायाचित्रे पाहणाऱ्या वाचकाला ही माहिती त्याच पानावर, दोन ओळींत का होईना, मिळायला हवी होती.

शिवाय श्रीमंत देशांतली सुबत्ता बरीचशी घराबाहेर असते आणि ती सामाईक असते. जमिनीखालचे सांडपाण्याचे नळ, चोवीस तास चालू राहणारी वीज, बोलावल्यावर येणारी रुग्णवाहिका, कामावरून काढले तर मिळणारा भत्ता, फसवणूक झाली तर दाद मागण्याची सोय, या गोष्टी कुठल्याही कुटुंबाच्या मालकीच्या नसतात, म्हणून त्या घरातल्या वस्तूंच्या यादीत येत नाहीत. महिना ७०० डॉलर उत्पन्नाची दोन घरे घ्या: एक भक्कम सार्वजनिक व्यवस्था असलेल्या देशातले, दुसरे तशी व्यवस्था नसलेल्या देशातले. दोन्हींकडे फ्रिज असेल, दूरचित्रवाणी संच असेल, मुलांचे गणवेश खुंटीला असतील. पण दुसऱ्या घराला फ्रिजसाठी विजेची पर्यायी सोय, पिण्यासाठी विकतचे पाणी, शिक्षणासाठी खासगी शाळा आणि आजारपणासाठी कर्ज, हे सगळे त्याच ७०० डॉलरमधून भागवावे लागते. देशापेक्षा उत्पन्न महत्त्वाचे, हा या संकेतस्थळाचा मुख्य दावा वस्तूंच्या बाबतीत मला पूर्णपणे पटतो. सुरक्षिततेच्या बाबतीत तो अपुरा पडतो. तिथे देश पुन्हा निर्णायक ठरतो.

गरिबांची छायाचित्रे श्रीमंतांनी न्याहाळायची, यात एक अवघडलेपण असतेच. डॉलर स्ट्रीटने ते बऱ्याच प्रमाणात टाळले आहे, आणि ते यादीमुळे. जी यादी बुरुंडीतल्या घराला, तीच स्वीडनमधल्या घराला. शौचालयाचे छायाचित्र दोघांनीही द्यायचे. दयेचा सूर लावणारा मजकूर कुठेही नाही. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे घरातली सर्वांत लाडकी वस्तू कोणती आणि यापुढे कोणती मोठी वस्तू घ्यायची आहे, हेही कुटुंबांना विचारलेले आहे. त्या उत्तरांमुळे घरातली माणसे छायाचित्राचा विषय होऊन राहत नाहीत. त्यांचे बेत कळतात, आणि गरिबी म्हणजे हात बांधून बसणे हा समज आपोआप गळून पडतो.

किरकोळ उणिवा थोडक्यात सांगतो. घरांची संख्या शेकड्यांत आहे, त्यामुळे एखाद्या देशातल्या दोन-तीन घरांवरून त्या देशाविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पद्धतच घरावर आधारलेली असल्याने, ज्यांना घर नाही किंवा जे कामाच्या जागीच झोपतात, त्यांना या रस्त्यावर जागा मिळणे अवघड आहे. श्रीमंत देशांतली बेघर माणसेही त्यांत आली. छायाचित्र कोणत्या वर्षीचे आहे हे ओळीतच ठळकपणे दिसायला हवे, कारण एवढ्या वर्षांत अनेक कुटुंबे रस्त्यावर उजवीकडे सरकली असतील, काही डावीकडेही.

शिक्षकांनी हे साधन जरूर वापरावे. वापरताना विद्यार्थ्यांना आधी देश दाखवू नये. एखाद्या उत्पन्नगटातली पाच-सहा छायाचित्रे दाखवून देश ओळखायला सांगावे आणि मग नकाशा उघडावा. त्यानंतर त्याच घरांविषयी पाणी भरायला कोण जाते, वीज गेली तर काय करतात, घरातले कोणी आजारी पडले तर खर्च कोण उचलतो, हे प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्या त्या देशाच्या माहितीतून शोधायला लावावीत.