लुफ्तवाफेच्या ७४-७५-७६ साठी मिस्टर कलर लॅकर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आरएलएम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन हवाई मंत्रालय; लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, विमानांच्या रंगांना त्याचे क्रमांक असत. जीएसआय क्रिओसच्या मिस्टर कलर मालिकेतले सी-३६ (आरएलएम ७४), सी-३७ (आरएलएम ७५) आणि सी-११७ (आरएलएम ७६) हे तीन लॅकर रंग १/४८ स्केलच्या बीएफ १०९ जी-६ आणि एफडब्ल्यू १९० ए या विमानांच्या मॉडेलांवर गेले काही महिने सातत्याने वापरले. रंग म्हणून ते अव्वल आहेत. मात्र बाटलीवरचा क्रमांक पाहून डोळे मिटून फवारले, तर विमान चुकीचं दिसू शकतं.

विकत घेण्याआधी विमान कधीचं आणि कोणत्या आघाडीवरचं, हे ठरवा. ही त्रयी साधारण १९४१ पासून १९४४ पर्यंतच्या लढाऊ विमानांची. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई युद्धातलं १०९ ई करायचं असेल, तर वर ७१ आणि ०२, खाली ६५ लागतो. उत्तर आफ्रिकेतल्या विमानाला वर ७९ आणि खाली ७८. किटच्या सूचनापत्रात कंपनीने आपल्याच रंगांचे जवळपासचे क्रमांक दिलेले असतात. ते बाजूला ठेवून थेट आरएलएम क्रमांकावरून खरेदी करावी.

आता छटा. ७४ म्हणजे हिरवट झाक असलेला गडद करडा, ७५ मध्यम करडा आणि त्यात जांभळ्याचा अगदी पुसट अंश, ७६ फिकट करडा-निळा. बाजारात असे ७५ मिळतात की पंखांवर वांगी रंग उतरल्यासारखं वाटतं, आणि असे ७६ मिळतात की पोट आकाशी दिसतं. या तीन बाटल्यांचं बलस्थान म्हणजे त्यांचं आपसातलं नातं. ७४ आणि ७५ मधला फरक हातभर अंतरावरून कळावा, पण डोळ्यांत खुपू नये; तो तोल इथे साधलेला आहे. एखादी छटा थोडी इकडेतिकडे असली तर चालते, हा तोल बिघडला की सगळं विमान खोटं वाटतं. म्हणूनच ७४ एका कंपनीचा आणि ७५ दुसऱ्या कंपनीचा, अशी सरमिसळ टाळा.

छोट्या स्केलवर गडद रंग आणखी गडद भासतात, म्हणून बरेच जण त्यात पांढरा घालतात. पांढऱ्याने ७४ खडूसारखा होतो आणि त्याची हिरवट झाक मरते. त्याऐवजी ७४ आणि ७५ दोन्हींत सी-११७ चेच थेंब घाला: १/४८ ला दहा थेंबांना एक, १/७२ ला दहाला दोन. दोन्हींत प्रमाण सारखंच ठेवा. ७६ ला हात लावू नका.

छटा पडताळायची तर दिवसाउजेडी, किंवा ५००० ते ६५०० केल्विनच्या, सीआरआय (रंग खरे दाखवण्याची क्षमता) ९० च्या वर असलेल्या दिव्याखाली. पिवळ्या बल्बखाली ७५ तपकिरीकडे झुकतो आणि ७६ मधला निळा गायब होतो. नमुना प्लास्टिकच्या पट्टीवर प्रायमर (पायाचा थर), रंग, ग्लॉस (चकचकीत थर), मॅट (चमकविरहित थर) अशा पूर्ण क्रमाने तयार करा. मॅट थर प्रकाश विखुरतो, त्यामुळे ७४ ग्लॉसखाली जितका गडद दिसतो त्याहून मॅटखाली स्पष्टपणे फिका दिसतो. मधल्या टप्प्यावर घेतलेला निर्णय हमखास चुकतो.

जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ओळखताना फिल्मचा प्रकार ध्यानात ठेवा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, त्यामुळे त्यात पिवळासुद्धा गडद येतो. पूर्व आघाडीवरच्या विमानांचा पिवळा ओळखपट्टा (आरएलएम ०४) म्हणूनच कित्येकदा भलताच रंग समजला जातो. संग्रहालयांतली बहुतेक विमानं नंतर रंगवलेली आहेत, त्यांचा पुरावा मर्यादित. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधलं १०९ जी-६, क्रमांक १६३८२४, याला मात्र मोल आहे, कारण त्यावर युद्धकाळातला मूळ रंग टिकून आहे. अर्थात इतक्या वर्षांत तोही उतरलाच असणार.

प्रत्यक्ष फवारणी. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, मिस्टर लेव्हलिंग थिनर, एक भाग रंगाला दीड ते दोन भाग थिनर, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर सात-आठ सेंटिमीटर. क्रम: आधी ७६ पोट आणि बाजूंना, मग ७५ वरच्या पृष्ठभागावर, मग मास्किंग करून (बाकीचा भाग टेपने झाकून) ७४. ७६ चा थर पातळ असल्याने खाली फिकट करडा प्रायमर हवा. काळ्या प्रायमरवर तो मळकट होतो. पिवळ्या पट्ट्याखाली पांढरा किंवा फिका गुलाबी थर द्या, करड्यावर थेट मारलात तर तो हिरवट दिसतो. रंग खरखरीत बसत असेल तर तो हवेतच सुकतोय: अंतर कमी करा किंवा थिनर वाढवा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटत असतील तर मिश्रण फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लॅकरवर दुधट साय धरते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. लेव्हलिंग थिनर सावकाश सुकतो, म्हणून त्रास कमी होतो, पण मुसळधार सरींत काम थांबवलेलंच बरं. साय आलीच तर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारल्यावर बहुधा ती विरते.

खरी परीक्षा बाजूंवरच्या ठिपक्यांची, म्हणजे मॉटलची. इथे रंग-थिनरचं प्रमाण एकास तीन, दाब ८ ते १० पीएसआय, अंतर दोन सेंटिमीटरच्या आत. एअरब्रशच्या सुईचं टोक दर दोन मिनिटांनी थिनरमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसा, नाहीतर सुकलेला कण थुंकल्यासारखा उडतो. आधी ७५ चे मोठे विरळ डाग, त्यावर ७४ चे लहान, आणि काही विमानांवर आरएलएम ०२ चेही. डागांची कड अस्पष्ट असली तरी डाग डागच राहायला हवा; सगळे एकमेकांत मिसळले की बाजू नुसती मळलेली दिसते. दोन्ही बाजूंचे फोटो मिळत असतील तर वेगवेगळे पाहा, डावी-उजवी सहसा सारखी नसते. डाग बिघडला तर पुसू नका, त्यावर ७६ चा पातळ फवारा मारा. पुसाल तर लॅकरचा खालचा थरही उचलला जातो.

बाकी भाग: कॉकपिट ६६ (सी-११६), चाकांच्या खोबणी ०२ (सी-६०), प्रोपेलरची पाती ७० (सी-१८). ६६ जवळजवळ काळाच वाटतो. त्यात थोडा फिका करडा घातला तरच आतले तपशील दिसतात.

उणीव एकच, पण मोठी: वास. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा हाफ मास्क आणि बाहेर हवा फेकणारा बूथ हवाच, एन-९५ वाफ अडवत नाही. लहान घरात हे जमत नसेल तर त्याच कंपनीच्या अॅक्वियस मालिकेतले एच-६८, एच-६९ आणि एच-४१७ घ्या. छटा जवळपास त्याच, वास सौम्य, पण मास्किंग टेप लावण्याआधी पूर्ण एक दिवस सुकू द्यावं लागतं.

१९४४ च्या उत्तरार्धातली विमानं करताना याच मालिकेतले सी-१२१, १२२, १२३ (८१, ८२, ८३) लागतात. तिथे एकच 'अचूक' छटा शोधत बसू नये. जुलै-ऑगस्ट १९४४ च्या परिपत्रकांत ८१ आणि ८२ येतात, पण त्यांची अधिकृत नमुनापत्रं नव्हती आणि जुना साठाही संपवायचा होता. ८३ नेमका कोणता रंग, यावर तर संशोधकांत आजही एकमत नाही. त्या काळातल्या पोटांवर दिसणाऱ्या हिरवट-पिवळसर छटेला मॉडेलर '८४' म्हणतात. तो अधिकृत क्रमांक नाही.

खरेदीचं प्रमाण: बाटली १० मिलीची. सी-११७ दोन घ्या, कारण पोट, बाजू आणि मॉटलची दुरुस्ती यांत तोच संपतो. ७४ आणि ७५ ची एकेक पुरते. ज्वलनशील माल हवाई कुरिअरने येत नाही, त्यामुळे लेव्हलिंग थिनरची मोठी बाटली रंगांसोबतच मागवा. बाटलीची मान दर वेळी पुसून झाकण लावा. घट्ट झालेला रंग साध्या मिस्टर कलर थिनरच्या काही थेंबांनी पुन्हा वापरात येतो.