पहिल्याच वर्षी वसतिगृहात एकटीची खोली: आठ महिने राहिल्यानंतरचा अनुभव

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला वसतिगृहात एकटीची खोली मिळणे सहसा घडत नाही. बहुतेक ठिकाणी नव्या विद्यार्थ्यांना दोघांच्या किंवा तिघांच्या खोल्या देतात, सिंगल खोल्या ज्येष्ठतेनुसार वरच्या वर्गांकडे जातात आणि उरलेल्या मोजक्या खोल्या वैद्यकीय कारण असलेल्यांच्या वाट्याला येतात. मला ती अर्धशिशीमुळे मिळाली. या खोलीत राहून आता आठ महिने झाले आहेत आणि सुरुवातीला ज्या गोष्टी मला महत्त्वाच्या वाटत होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा आज तितक्या महत्त्वाच्या वाटत नाहीत.

अर्जाबद्दल आधी सांगते, कारण गाडी तिथेच अडते. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. सोबतच्या प्रमाणपत्रात डॉक्टरांनी फक्त आजाराचे नाव लिहिले होते आणि नुसत्या नावावरून वसतिगृहाच्या कार्यालयाला खोलीची गरज कळत नाही. दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना विनंती करून ती गरजच सविस्तर लिहून घेतली: उपचार न झाल्यास अर्धशिशीचा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो, त्या काळात उजेड आणि आवाज सहन होत नाहीत, अंधाऱ्या व शांत जागी पडून राहावे लागते, आणि अपुरी झोप हेच अनेकदा झटक्याचे निमित्त ठरते. या पत्रानंतर खोली मंजूर झाली. ज्यांना आरोग्याच्या कारणासाठी अशी खोली हवी आहे त्यांनी प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा. एकदा वाटप पूर्ण झाले की अधिकाऱ्यांची इच्छा असली तरी द्यायला खोली उरत नाही.

खोली लहान आहे: पलंग, टेबल, खुर्ची, कपाट आणि एक खिडकी. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र या खोलीने मला जे दिले त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. १८ ते २५ या वयात रात्री ७ ते ९ तास झोप घ्यावी असे निद्रातज्ज्ञ सांगतात, आणि दोघींच्या खोलीत ती मिळणे दोघींचे वेळापत्रक जुळण्यावर अवलंबून असते. माझ्याच मजल्यावरच्या एका खोलीत एकीला पहाटे उठून सरावाला जायचे असते आणि दुसरीचा अभ्यास मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. दोघीही समजूतदार आहेत, तरीही एकीचा दिवा आणि दुसरीचा गजर यांतून सुटका नाही. मला झटका येणार असे जाणवले की मी पडदा ओढून, दिवा मालवून पडते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही की कोणाची क्षमा मागावी लागत नाही. घरी असताना महिन्याला चार-पाच झटके येत. इथे ते दोनांवर आले आहेत. याचे सगळे श्रेय खोलीला देता येणार नाही, पण नियमित झोपेचा त्यात मोठा वाटा आहे असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. सिंगल खोली म्हणजे शांत खोली नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शयनकक्षातील सततच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल सांगितली आहे; वसतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये रात्री अकरानंतरही ती पाळली जाणे कठीण असते. आवाज भिंतीतून कमी आणि दाराखालच्या फटीतून जास्त येतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. कॉरिडॉरमधल्या दिव्याची पिवळी पट्टीही त्याच फटीतून पलंगाच्या पायापर्यंत येत असे. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून तिथे लावल्यावर दोन्ही गोष्टी बऱ्याच कमी झाल्या.

माझी खोली मजल्याच्या अगदी टोकाला आहे. तिच्या पलीकडे दुसरे दार नाही, त्यामुळे कोणी उगाच समोरून जात नाही, आणि शांततेसाठी मला तीच जागा उत्तम वाटली होती. त्या जागेची दुसरी बाजू दुसऱ्या महिन्यात दिसली, जेव्हा मला ताप आला. सलग दोन दिवस मी खोलीतच होते. पाण्याची बाटली टेबलावर रिकामी पडली होती, ती भरायला कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्याचे त्राण नव्हते, आणि दुरून मुलींच्या बोलण्याचे आवाज येत असूनही हाक मारावी अशी एकही ओळख तोवर झालेली नव्हती. दोघींच्या खोलीत असे झाले नसते. सोबतीण जिवलग मैत्रीण नसली तरी तिने पाणी आणून दिले असते, निदान कोणाला तरी सांगितले असते.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला एक अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले होते की मैत्री प्रामुख्याने लगतच्या दारांमध्ये जुळते, चार दारे पलीकडे तिचे प्रमाण बरेच घटते, आणि ज्यांची घरे जिन्याच्या पायथ्याशी होती त्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी अधिक मैत्री होती. अभ्यासक्रमात हे वाचताना मला माझी टोकाची खोलीच डोळ्यांपुढे आली. जिन्याजवळ राहणाऱ्या मुलींच्या दहा ओळखी जाता-येता होत होत्या, आणि माझ्या दारावरून जाणारे कोणीच नव्हते.

त्यानंतर मी पुठ्ठ्याची घडी करून पाचर बनवली आणि रोज संध्याकाळी सहा ते आठ दार उघडे ठेवू लागले. पहिले कित्येक दिवस कोणीही आले नाही. मग शेजारची मुलगी चार्जर मागायला आली, तिच्यासोबत तिची सोबतीण आली, आणि हळूहळू त्या वेळी माझ्याकडे बसून वहीतल्या नोंदी पडताळण्याची पद्धत पडली. सहाव्या महिन्यात मला पुन्हा ताप आला तेव्हा सव्वासहाला दारावर थाप पडली. दार बंद दिसले म्हणून आले, एवढेच शेजारची ती मुलगी म्हणाली, आणि टेबलावरची बाटली उचलून पाणी आणायला गेली.

अभ्यासाबाबत एकटीच्या खोलीचा लोक गृहीत धरतात तितका फायदा होत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जुळवलेल्या सोबत्यांवर अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी केलेले संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात सोबत्याचा परिणाम पहिल्या वर्षाच्या गुणांवर दिसून आला होता. एकट्याच्या खोलीत सोबतीच नसल्याने तो परिणाम चांगलाही होत नाही आणि वाईटही होत नाही. समोर कोणी पुस्तक उघडून बसलेले नसल्यामुळे आपलेही उघडले जात नाही, हा माझा अनुभव आहे. पहिल्या सत्रात मी तीन विषयांत मागे पडले ते याच कारणाने. आता लेखनाचे काम खोलीत करते आणि पाठांतर ग्रंथालयात, जिथे आजूबाजूला माणसे असतात.

आपोआप कुलूप लागणारे दार असल्यास दुसरी किल्ली विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवावी. किल्ली आत राहून आपण बाहेर अडकलो, तर आतून उघडणारे कोणीच नसते.

पुढच्या वर्षासाठीही मी सिंगल खोलीच मागितली आहे. झोप आणि औषधोपचार यांचा विचार करता मला दुसरा पर्याय योग्य वाटत नाही. फक्त या वेळी अर्जाच्या शेवटी स्वतंत्र विनंती जोडली आहे की खोली मजल्याच्या टोकाची नसावी, जिन्यापासून दोन-तीन दारे सोडून मधली असावी, आणि शक्य असल्यास या शेजारणीच्या खोलीलगतची असावी.